हात लावून पाहणाऱ्या बाई

दुकानात जायचं ठरलं की बाई आधी आमचे हात धुवून घ्यायच्या. वसतिगृहाच्या मागच्या नळावर आम्ही पाच-सहा मुली रांगेनं उभ्या राहायचो. साबण एकच, तोही कपडे धुवायचा. कोपरापर्यंत हात धुवायचे. मग बाई एकेकीचे हात आपल्या हातात घेऊन उलटे-सुलटे करून नखं बघायच्या.

"पाहाले नाही चाललो आपन, हात लावाले चाललो," त्या म्हणायच्या. "मालाले डाग पडला त पुढच्या खेपेस कोन हात लावू देईन?"

ही गोष्ट बालाघाटची, साठ सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली. बाई आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या आणि शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव कुठं लिहिलेलं दिसलं की त्यांना संकोच वाटायचा. मिलचं नाव कापडाच्या काठावर छापतात तेवढं पुरे, माणसाचं कशाले, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही मुली लामता, रामपायली, हट्टा अशा गावांहून आलेल्या. आमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि पोरींना शिकवायचं असं तिथून ठरवूनच परतले होते. मी लामत्याहून छोट्या गाडीनं पत्र्याची पेटी घेऊन आले, तेव्हा स्टेशनवर मला घ्यायला एक उंच, सडसडीत बाई आल्या होत्या. पांढरं लुगडं, पायात पुरुषी चपला, आणि गळ्यात हारासारखी शिंप्याची फीत. मला वाटलं, घाईत काढायची राहिली असेल. पुढं कळलं की ती फीत रविवारी, लग्नकार्यात, दवाखान्यात, सगळीकडे गळ्यात असते. मनगटाला टाचण्या खोचलेली छोटी उशीही बऱ्याचदा तशीच राहून जायची, आणि पाठीवरून मायेनं हात फिरवायला त्या जवळ आल्या की आम्ही जरा दचकायचो.

दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरचं ते मोठं भांडार. पूर्वी तिथं धानाचं गोदाम होतं. जबलपूरच्या कुणा शेटनं ते घेतलं, फरशी घातली, काचेची कपाटं लावली आणि एकाच छपराखाली सगळा माल आणून मांडला. खाली डाव्या हाताला कापड, उजव्या हाताला भांडी, स्टोव्ह, कंदील, मागं चपला आणि छत्र्या, लाकडी जिन्यानं वर गेलं की चिनी मातीचे कप, थर्मास, नायलॉनच्या रिबिनी, शिवणाचं सामान. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर भाव. दारात पाटी, "एक दाम". मँगनीजच्या खाणीतल्या साहेबांच्या बायका जीपमधून उतरायच्या, त्यांनाही तोच भाव आणि आम्हालाही तोच.

बाई महिन्यातल्या एका रविवारी आम्हाला तिथं न्यायच्या आणि दोन-तीन तास मुक्काम करायच्या. खरेदी म्हणाल तर एखादी दोऱ्याची रीळ, सुयांचं एक पाकीट. पण पाहणं मात्र सगळ्याचं. पितळेच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, बोटाच्या पेरानं टकटक करून त्या कान लावायच्या. छत्री उघडून उजेडाकडे धरायच्या आणि आतून भोकं शोधायच्या, एक नाही, असतील तेवढ्या सगळ्या छत्र्या. रंगीत कापड दिसलं की रुमालाचा कोपरा जिभेनं ओला करून त्यावर घासायचा, रंग रुमालावर उतरला की रुमाल विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि काही न बोलता पुढं जायचं. एकदा त्यांनी पुरुषांचा रेनकोट अंगात चढवला आणि अर्धा तास तो घालूनच दुकानभर फिरत होत्या. भांड्यांत, चपलांत, जिन्यावरून वर, पुन्हा खाली. मग काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "खांद्यावरची शिवण कच्ची हाय." विक्रेता बिचारा तोवर बिलबुक उघडून बसला होता.

परतीच्या वाटेवर आमची परीक्षा व्हायची. प्रत्येकीनं एक वस्तू सांगायची. कशाची होती, हाताला कशी लागली, आणि वापरली तर आधी कुठून फाटेल. "कुठून फाटन ते पयले पाहाचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. रामपायलीची कौसल्या आमच्यात सगळ्यांत चलाख. तिनं एकदा सांगितलं, "बाई, त्या गुलाबी साडीले मी मनातल्या मनात दोन वर्ष नेसून पाह्यलं, पदराजवळ जाईन ते." बाई इतक्या खूश झाल्या की तिला रस्त्यातच शेंगदाणे घेऊन दिले.

कापडाच्या विभागात एक चष्मेवाले वयस्क गृहस्थ होते, मूळ सिवनीकडचे. बाई दिसल्या की ते आधी चष्मा पुसायचे. एकदा बाईंनी पोलक्याचं कापड नेलं आणि ते पहिल्याच धुण्यात आटलं. "बिका हुआ माल वापस नहीं होगा" असं तिथं लिहिलेलं होतंच. पण बाईंनी विकत घेतलं त्याच दिवशी बिलाच्या मागं लांबी-रुंदी लिहून त्या गृहस्थांचीच सही घेऊन ठेवली होती. गृहस्थांनी कापड पुन्हा मोजलं, सही पाहिली, आणि हात जोडले.

"बाईजी, आप कपडा नहीं, मुकदमा खरीदती हैं."

कापड बदलून मिळालं. त्यावर बाईंनी त्यांना वसतिगृहातून आवळ्याचं लोणचं पाठवलं, आणि पुढच्या महिन्यात बरणी परत आणायला स्वतः गेल्या.

बाई स्वतःबद्दल फारशा बोलत नसत. एकदाच, वसतिगृहाच्या ओसरीवर काज करता करता त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या लहानपणी त्यांची आई कापड घ्यायला जायची तेव्हा दुकानाच्या अंगणात उभी राहायची. दुकानदार ओट्यावरून लुगडं खाली टाकायचा. उलगडून बघायची सोय नव्हती. एका वर्षी असं आणलेलं लुगडं घरी उलगडलं तर मधोमध हाताएवढं भोक. परत न्यायला आई गेली, तर तो म्हणाला, तूच फाडलं असशील. आईनं त्या भोकाला ठिगळ लावून ते लुगडं तीन वर्षं नेसलं. "हात लावू देल्ला असता त दिसलं असतं न," एवढंच बाई म्हणाल्या आणि दात लावून दोरा तोडला.

पुढं त्या निवृत्त होऊन तुमसरला भाच्याकडे गेल्या. मी तोवर मास्तरीण होऊन सिवनीला लागले होते. दोनदा त्यांना भेटायला गेले. दुसऱ्या वेळी त्यांना नीट दिसत नव्हतं, पण माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून त्यांनी विणीला नावं ठेवली. त्या गेल्याचं मला भाच्याच्या कार्डानं कळलं. असं कार्ड हातात आलं की माणूस त्या व्यक्तीच्या बाबतीत आपल्याकडून काय झालं, काय राहिलं, ते आठवत बसतो. माझ्याकडून जे झालं ते सांगते.

मी अकरावीत होते. त्या रविवारी वरच्या मजल्यावर शिवणाच्या पेट्या नव्याच आल्या होत्या. कलकत्त्याचा माल. आत जांभळी मखमल, आणि कात्री, सुयांची डबी, फीत, अंगुस्तान, प्रत्येकाला आपापली खाच. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची ती टोपी. आम्ही शाळेत पत्र्याचं अंगुस्तान वापरायचो, हे चांदीसारखं चकचकीत होतं. बाईंची शिकवण होतीच, म्हणून मी ते उचलून मधल्या बोटात घातलं. कडेवर बारीक वेल कोरलेली होती. तेवढ्यात कौसल्येनं थर्मास बघायला हाक मारली आणि मी गेले.

थोड्या वेळानं काउंटरवरच्या माणसाला ती रिकामी खाच दिसली. त्यानं आवाज दिला, मॅनेजर आला. पेटी उघडी धरून तो सरळ आमच्याकडे आला.

"लडकियों की थैलियाँ देखनी पडेंगी."

तेव्हा मला समजलं की ते माझ्या बोटात आहे. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. मी मूठ मिटली आणि ती पदराखाली घेतली.

बाई पुढं झाल्या. त्यांनी स्वतःची पिशवी काउंटरवर उलटी केली. दोऱ्याच्या रिळा, कापराची डबी, अर्धा खाल्लेला पेरू, फाटकी किनार, खडू, एक मोजा. सगळं पसरलं. मग आमच्या पिशव्या एकेक करून उलट्या करायला लावल्या. काही सापडलं नाही. मॅनेजर "ठीक है, ठीक है" म्हणून मागं सरकायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या,

"ठीक कैसा? दारात लिखा है एक दाम. तो तलाशी बी एकच होना. इन लोगों की बी देखो."

त्यांचं हिंदी असंच होतं. वरच्या मजल्यावर तेव्हा आणखी सात-आठ गिऱ्हाइकं होती. खाणीतल्या दोन साहेबिणी, एक कुटुंब, आणि गावातल्या एका वकिलांच्या पत्नी. मॅनेजरच्या कपाळाला घाम आला. मग त्या वकिलीणबाई उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि आपली पर्स बाईंच्या सामानाशेजारी उलटी केली. अडकित्ता, चष्म्याची डबी, कसलीशी पुडी.

"बघा माझीही," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "बाई बरोबर बोलल्या."

मॅनेजरनं सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली.

परत येताना मुली हवेत होत्या. कौसल्या मॅनेजरची नक्कल करत होती. बाईंची चाल नेहमीपेक्षा मोकळी होती. मी सगळ्यांच्या मागं, मूठ मिटून चालत होते. ते अंगुस्तान नाल्यात टाकावं असं दोनदा मनात आलं. टाकलं नाही, कारण मूठ उघडली की कुणीतरी बघेल असं वाटत होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा बाईंनी बघितलं की मी डाव्या हातानं भाकरी मोडतेय. त्यांनी मला मागं नळावर नेलं आणि माझी बोटं एकेक करून उघडली. बोट सुजलं होतं, अंगुस्तान निघेना. त्यांनी साबण लावला, पाण्याची धार सोडली आणि हळूहळू फिरवत ते काढलं. माझं रडणं चालूच होतं.

"घ्याची होती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बोलली काहून नाही?"

"भेव वाटला."

त्यांनी नळ बंद केला. मग अंगुस्तान पदरानं पुसून उजेडाकडे धरलं, फिरवून पाहिलं. "माल चांगला हाय," म्हणाल्या, आणि मला जेवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या मुलींना सांगितलं, "ते अंगुस्तान माह्या बोटात राह्यलतं. ध्यानातच नाही आलं. सकाळी देऊन आली मी." मुली हसल्या. कौसल्या म्हणाली, "बाई, तुमीबी कमालच." बाईही हसल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दुकानात गेलो तेव्हा आत शिरताच पाटी दिसली. नवीन, लाल अक्षरांत. "कृपया वस्तुओं को हाथ न लगाएँ." खाली एक, वर एक, शिवणाच्या सामानापाशी तर दोन. बाईंनी ती पूर्ण वाचली. मग दोन्ही हात पाठीमागं नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि तशाच त्या कपाटांपुढून चालायला लागल्या. छत्र्यांपाशी थांबल्या, भांड्यांपाशी थांबल्या. एक माणूस चार पावलं अंतर ठेवून त्यांच्या मागं मागं फिरत होता. जिन्यात वकिलीणबाई समोरून आल्या. बाईंनी नमस्कार केला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि उतरून गेल्या.

पुढच्या महिन्यातही बाई गेल्या. त्याच्या पुढच्याही. हात धुवून, आणि हात पाठीमागं बांधून. "आता कशाले जाता बाई?" असं कौसल्येनं विचारलं तर म्हणाल्या, "डोये त हायेत न."

मला ते बघवेना. एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता एकटी भांडारात गेले. मॅनेजरची खोली वर, लाकडी पडद्याच्या आड होती. मला बघून त्यानं मान वर केली. वाटेभर जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते.

"वो अंगुश्ताना मेरी उंगली में था," मी म्हटलं. "बाईजी के नहीं."

त्यानं हातातली लेखणी खाली ठेवली. "और अब बता रही हो?"

"वो हाथ पीछे बाँधके चलती हैं," मी म्हटलं.

मग त्यानं मला बसवलं आणि सांगितलं. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन दारात उभ्या होत्या. पेटीत अंगुस्तान त्यांनी स्वतः बसवलं. त्यांनी माफी मागितली तेव्हा तो सगळ्या नोकरांसमोर त्यांना म्हणाला होता, दुसऱ्यांच्या पर्सा उघडायला लावल्यात, आधी आपलं बोट बघायचं होतं. बाई "हौ" म्हणाल्या आणि निघाल्या. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरचे कागद सारखे करत होता. "माल कम हो तो मुझे जवाब देना पडता है," असंही म्हणाला. शेवटी, "ठीक है. जाओ."

पाटी निघाली नाही. मी बालाघाट सोडलं तोवर ती तिथंच होती. पण पुढच्या खेपेच्या रविवारी बाई कापडाच्या विभागातून हात बांधून चालल्या होत्या, तेव्हा चष्मेवाले गृहस्थ एक अख्खं ठाण घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ते बाईंच्या हातांवर ठेवलं. बाईंना हात पुढं करावेच लागले.

"पाटी हाय नं," बाई म्हणाल्या.

"आपने कहाँ लगाया? मैंने दिया," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

त्यानंतर ते दर वेळी असंच करायचे. आधी कापडाचं, मग छत्र्यांचं, मग वर जाऊन रिबिनींचं. पाठोपाठ फिरणारा माणूसही यायचा बंद झाला. वकिलीणबाई मात्र पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेले.

बाईंना माझं भांडारात जाणं त्याच दिवशी कळलं होतं. बालाघाट तेव्हा एवढंसं गाव. पहिल्यांदाच त्या माझ्यावर रागावल्या. "तुले कोनं सांगतलं होतं?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनी अंगावर घेतलेलं मी उधळून लावलं.

तिसऱ्या दिवशी शिवणाचा तास संपला, मुली गेल्या. मी मशीनवर झाकण घालत होते. बाई खिडकीपाशी उभ्या राहून फीत गुंडाळत होत्या.

"त्याच्या खोलीत गेलती?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"उभीच होती?"

"पयले उभी होती. मंग त्यानं बैठो म्हटलं."

"मंग?"

"बसली."

बाईंनी फीत गुंडाळायची थांबवली. "खुर्ची कशाची होती?"

"वेताची. हात होते तिले."

"पाठ टेकवली?"

मी आठवून बघितलं. "नाही. कडेवरच बसली होती."

बाई जवळ आल्या. माझ्या खांद्यावर शिवणाच्या तासाचा एक दोरा चिकटला होता, तो त्यांनी उचलला.

"पुढच्या खेपेस टेकवजो," त्या म्हणाल्या.